आठांपैकी पाच

“रंग कशावर मारायचाय, काका?” दुकानदारीणबाईंनी विचारलं.

“कागदावर,” निरीक्षक म्हणाले. “असंच. छंद म्हणून.”

हे खोटं होतं. फारसं खोटं न बोललेल्या माणसाचे कान अशा वेळी गरम होतात, तसे त्यांचेही झाले, आणि ते लपवायला त्यांनी काउंटरवरच्या दोन उघड्या डब्यांवर मान खाली घातली. आठवड्यातली ही तिसरी खेप होती. पहिल्या दोन वेळा ते ‘विचार करून येतो’ म्हणून निघून गेले होते. अशी गिऱ्हाइकं बाईंच्या ओळखीची होती. आभाळाएवढा विचार करतात आणि शेवटी खडूची पेटी घेऊन जातात.

डावीकडच्या डब्यात नवशिक्यांचा एअरब्रश होता. एकच बटण, दाबलं की हवा आणि रंग एकदमच बाहेर. खाली झाकणाची काचेची बाटली लोंबत होती. उजवीकडचा चौपट किमतीचा. पेनासारखा निमुळता, पोटात केसाएवढ्या टोकाची सुई आणि पाठीवर अंगठा बुडेल एवढी उघडी वाटी.

“सगळे सांगतात, शिकायचंय ना, मग स्वस्तातला घ्या, बिघडला तर जीव जळत नाही,” बाई म्हणाल्या. “मीही तेच सांगते. ऐकणाऱ्याला तेच ऐकायचं असतं.”

“आणि खरं काय?”

“नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? पण ह्या स्वस्तातल्याचं अंगण खरंच थोडं वाकडं आहे, काका. नवशिक्याला कळतच नाही, पाय चुकतोय की अंगण. पंधरा दिवसांत ‘आपल्याला नाही जमत’ म्हणतात आणि माळ्यावर टाकून देतात. पण हा चांगला घेतलात आणि पहिल्याच दिवशी सुईचं टोक वाकवलंत, तर ते दुःख वेगळं.”

“म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.”

“विहीर जरा महाग आहे, एवढंच.”

बाईंनी वीस वर्षं गाड्यांच्या टाक्या रंगवल्या होत्या. नखांच्या कडेचा लाल रंग अजून गेला नव्हता. त्यांनी दोन्ही एअरब्रश आळीपाळीने कॉम्प्रेसरच्या नळीला जोडले. डावीकडच्यातून निळा रंग फस्सकन आला आणि कागदभर ठिपके उडाले. उजवीकडचा त्यांनी निरीक्षकांच्याच हातात दिला.

“खाली दाबलं की नुसती हवा. मग मागे ओढलं की रंग. थांबताना आधी रंग बंद करायचा, मग हवा. घाई केलीत तर थुंकतो.”

निरीक्षकांनी दाबलं. मग तिळभर मागे ओढलं. कागदावर काहीतरी निळसर उमटायला लागलं. ते नक्की कुठे सुरू झालं हे कळलं नाही आणि कुठे संपलं तेही कळलं नाही. कॉम्प्रेसर आपोआप थांबला तरी ते बघतच राहिले.

“हाच द्या,” ते म्हणाले.

निरीक्षकांनी चौतीस वर्षं आकाशाकडे बघायचा पगार घेतला होता. हवामान केंद्राच्या अंगणात दर तीन तासांनी उभं राहायचं, मान वर करायची, मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग पाडायचे, आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत तो आकडा छापील तक्त्यात लिहून पुढे सही करायची. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे गच्च. केंद्रातला एक नियम फार कडक होता. ज्यानं पाहिलं त्यानंच सही करायची, दुसऱ्याच्या डोळ्यांनी आकडा टाकायचा नाही. एकदा साहेब खिडकीतूनच “सहा टाका हो” म्हणाले, तर निरीक्षकांनी तक्ता आणि पेन त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. “तुम्ही पाहिलंत, सही तुमची.” साहेब महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे आकाश मोजायला यंत्र आलं, निरीक्षक निवृत्त झाले, आणि रद्दीत निघालेले कोरे तक्ते त्यांनी गठ्ठा बांधून घरी आणले. का आणले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग एका दुपारी माळ्यावरचा पंखा काढताना त्यांची बायको स्टुलावरून पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. काही महिने उताणं पडून राहायचं, कूस वळायची तीही कुणीतरी वळवायची. तिच्या खोलीला खिडकी होती, पण खिडकीत शेजारच्या इमारतीची भिंत होती. वर पांढरं छत. जिला क्षणभर स्वस्थ बसवत नसे, तिच्या वाट्याला जगातली एवढीच जागा उरली.

सुरुवातीला ती रोज विचारायची, “आज आभाळ कसं आहे हो?”

“तीन अष्टमांश,” निरीक्षक सांगायचे. “मधल्या उंचीवरचे.”

एक दिवस तिनं डोळे मिटून घेतले. “तुमचं ते तीन नि चार. उभा जन्म तेच ऐकलं मी. अहो, ढग कसे आहेत ते विचारतेय.”

लाखभर ढग पाहिले असतील निरीक्षकांनी, पण एकाबद्दलही सांगण्यासारखा शब्द त्यांच्याकडे नव्हता. या गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटली. त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं, आणि हळूहळू दिवसाही डोळे मिटून पडू लागली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताई जाताना दारात थांबून म्हणाल्या, “पाठ जुळून येईल, काका. पण त्यांनाच उठायचं नसेल तर मी कुठवर पाय हलवणार?” ती कुठे जात नव्हती, पण रोज थोडी थोडी कमी होत होती. निरीक्षकांना ते दिसत होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, की आकाश तिच्या छतावर आणायचं. आधी साध्या ब्रशनं पुठ्ठ्यावर ढग काढून पाहिले. ते फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे दिसले. ढगाची कड रंगवता येत नाही, कारण ढगाला कड नसतेच. ती कुठे मानायची यावरच तर त्यांची नोकरी चालली होती. मग रस्त्यात उभ्या असलेल्या एका गाडीच्या टाकीवर धुक्यासारखा विरत गेलेला रंग त्यांना दिसला, आणि ते विचारत विचारत बाईंच्या दुकानात पोहोचले.

दुपारी जेवणं उरकली की ते स्वयंपाकघराचं दार लावून घेत, नाकाला रुमाल बांधत आणि कोऱ्या तक्त्यांच्या पाठीवर सराव करत. कॉम्प्रेसर गुरगुरायला लागला की आतून आवाज यायचा, “कसला आवाज येतोय हो?”

“फ्रीज. जुना झाला आता.”

पहिले आठ दिवस नुसती थुंकी. ते रंगाआधी हवा विसरत, हवेआधी रंग विसरत. पण अंगण सरळ होतं. चुकतोय तो आपला पाय, एवढं त्यांना पक्कं कळत होतं, आणि त्याच आधारावर ते तग धरून राहिले. सुई धुताना ते असा श्वास रोखत, जणू तान्ह्या बाळाची नखं कापताहेत. मग एका दुपारी अंगठ्याला आपोआप समजलं. हवा, रंग, रंग बंद, हवा बंद. कागदावर एक ढग आला, आणि निरीक्षकांनी तो ओळखला. फार वर्षांपूर्वीच्या एका पहाटपाळीचा होता तो, पातळ, खालून किंचित गुलाबी. त्या दिवशी त्याला त्यांनी ‘दोन’ म्हटलं होतं आणि चहा प्यायला गेले होते. त्यामागोमाग बाकीचे येऊ लागले. स्वयंपाकघरात निळसर हवा भरून राहायची, बाहेर दुपार सुस्तावलेली असायची, आणि आकडे होऊन बसलेली आकाशं एकेक करून तक्त्यांच्या पाठीवर परत यायची. दार उघडून बाहेर आले की निरीक्षकांना आपण नक्की कोणत्या वर्षात आहोत हे आठवायला थोडा वेळ लागे.

अखेर एका दुपारी ती झोपली आहे असं पाहून ते सगळं सामान तिच्या खोलीत घेऊन आले. पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, वर चढले, वाटी निळ्या रंगानं काठोकाठ भरली, आणि मान वर करून एअरब्रश सरळ छताकडे रोखला.

टेबलावर वाकून महिनाभर सराव केलेल्या माणसाला जे कधी सुचणार नाही, ते तेव्हा घडलं. एअरब्रश उभा झाला तसं पाठीवरच्या उघड्या वाटीतलं सगळं आकाश त्यांच्या बाहीत उतरलं. तिथून कोपरावर, कोपरावरून बनियनमध्ये, आणि एक थेंब नेमका बायकोच्या कपाळावर.

तिनं डोळे उघडले. ती झोपलेली नव्हतीच.

“आधी त्या स्टुलावरून उतरा,” ती म्हणाली. “घरात एक पाठ मोडली तेवढी पुरे.”

निरीक्षक उतरले. नाकाला रुमाल, हात निळा, पायांत नळी अडकलेली. एवढा हिशेबी माणूस इतका गबाळा दिसलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

“अहो, करत काय होतात?”

“आकाश,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी. छतावर.”

तिनं छताकडे पाहिलं. एका बाजूला करंगळीच्या नखाएवढा निळा ठिपका तेवढा पोहोचला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“हे किती अष्टमांश?” तिनं विचारलं.

आणि मग ती हसायला लागली. पाठीत कळ येत होती म्हणून हसू दाबत होती, दाबलं की जास्तच येत होतं, आणि डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला. निरीक्षक निळ्या हातांनी नुसते उभे राहिले. पुसायचं त्यांना भानच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन सगळं कबूल केलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “ताकाला येऊन भांडं लपवलंत की, काका! पहिल्या दिवशी छत म्हणाला असतात तर मीच हा डावीकडचा दिला असता. झाकणाची बाटली आहे, वर धरला तरी सांडत नाही. चांगला म्हणजे कशासाठी चांगला, ते विचारायचं असतं. आणा तो परत, बदलून देते.”

निरीक्षक घरी येऊन तिला विचारायला बसले. ती म्हणाली, “काही बदलू नका. छत बघून बघून विटलेय मी, आणखी त्यालाच कशाला सजवता? तुम्हाला येतं तसं टेबलावर काढा. रोजचं रोज. मी बघेन.”

मग ते रोज दुपारी गच्चीवर जाऊन येत, टेबलावर वाकून त्या दिवसाचं आकाश तक्त्याच्या पाठीवर काढत, आणि ओला कागद तिच्या डोळ्यांसमोर धरत. ती आकडा सांगायची.

“साडेतीन.”

“साडेतीन नसतं. तीन म्हण, नाहीतर चार म्हण.”

“तुमच्या खात्यात नसेल. आभाळात असतं.”

यावरून त्यांची मनसोक्त भांडणं होत. पुढे त्यांचे हात भरून येतात म्हणून कागद तीच धरू लागली. खालचा कोपरा नीट दिसत नाही म्हणून उशीवरून डोकं उचलू लागली. व्यायामाच्या ताईंनी एक उशी वाढवली, मग दुसरी. पायांत मात्र जोर पूर्वीसारखा येणार नव्हता. डॉक्टरांनी ते एका सकाळी सरळ सांगितलं. घरातल्या घरात, धरून धरून चालतील. जिने आता विसरा. तिनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “एकदा चढले तर? मोजून एकदा?”

एका सकाळी शेजारच्या दोघांनी तिची खुर्ची उचलून गच्चीवर नेली. हळू, वळणावर थांबत. निरीक्षक रिकाम्या हातांनी “सांभाळून, सांभाळून” म्हणत मागे मागे चढत होते, कामात काम नाही आणि जीव मुठीत. शेजारी खुर्ची मधोमध ठेवून, “हाक मारा” म्हणून खाली गेले.

तिनं मान वर केली.

निरीक्षक खिशातून घडी घातलेला कोरा तक्ता काढून, पेन उघडून उभे राहिले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उघड्यावर उभे असून त्यांनी वर पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकत होते, मध्येच थांबत होते, मागे येत होते. वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते. तिनं घाई केली नाही, आणि ती करावी असं त्यांनाही वाटलं नाही.

“पाच,” ती शेवटी म्हणाली. “पण त्या तिकडचा अजून ठरवतोय, राहायचं की जायचं.”

निरीक्षकांनी आकडा लिहिला. वेळ लिहिली. सहीच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

“काय झालं? चुकलं का माझं?”

“मी पाहिलं नाही,” ते म्हणाले.

त्यांनी तक्ता तिच्या मांडीवर ठेवला, तो उडू नये म्हणून एका हातानं कोपरा दाबून धरला, आणि पेन तिच्या हातात दिलं.