बिडाच्या तव्याबाबत खुलासा

“‘हलकट’ लिहायचं का?” वन्संनी पेन वर धरून विचारलं.

“लिहा.”

“दोनदा म्हणालीस. दोनदा लिहू?”

“वन्सं, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?”

“वहिनी, बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात खुलासे फायलीला लावतेय मी. खुलाशात शिवी सापडली की साहेब लोक तेवढीच वाचतात. बाकीचं न वाचायला त्यांना कारण मिळतं.”

रविवारची दुपार होती. टेबलावर दोन पानी छापील कागद, आतल्या खोलीत डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडलेला नवरा, आणि टेबलाच्या अलीकडे आक्का. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे आक्काच म्हणायचे, वयानं तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. कालपासून तिच्या डोक्यात जी तिडीक उठली होती, ती पाणी पिऊन, अंघोळ करून, फरशी तीनदा पुसूनही उतरली नव्हती.

कँटीनच्या नव्या मॅनेजरनं काल कागद हातात देतानाच सांगून टाकलं होतं : “पाच नंबरच्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलंत तर समज देऊन सोडतो, तव्यावरच राहाल. ‘नाही’ लिहिलंत तर मंगळवारपासून मोरीवर, ताटं घासायला. तुमचं तुम्ही बघा.”

तुमचं तुम्ही बघा! तवा त्यानं नासवला, आणि बघायचं हिनं.

प्रश्न १. आपण सदर उपकरण किती वर्षे हाताळत आहात?

“उपकरण कोण?”

“तवा, वहिनी.”

“मग तवा म्हणायला त्याची जीभ झडते का?”

वन्संनी लिहिलं : एकोणीस.

एकोणीस म्हणजे काय, ते त्या चौकोनात मावणारं नव्हतं. सव्वातीन फूट रुंद बिडाचा तवा, बोटाएवढ्या जाडीचा, दोन माणसांशिवाय न हलणारा. आक्का कँटीनला लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं पहिलं वर्षभर तिला अंडं फोडू दिलं नव्हतं, नुसता तवा पुसायला लावला होता. “अंडं काय, कुणीही फोडतं,” तो म्हणायचा. तिला तेव्हाही राग यायचा. मग एक दिवस तिनं तव्यावर अंडं सोडलं आणि ते तव्यावरून असं घरंगळत गेलं, की जणू त्याला कुणी हाक मारली होती. त्या दिवसापासून तिनं म्हाताऱ्याला एक शब्द उलट बोलायचं सोडलं.

प्रश्न २. स्वच्छतेची पद्धत थोडक्यात लिहा.

“थोडक्यात,” वन्सं म्हणाल्या. “दोन ओळी दिल्यात.”

“लिहा. शेवटचं अंडं उतरलं की आच मोठी ठेवायची. तवा गरम आहे तोवरच उलथन्यानं खरवडायचा. सपाट धारेनं, कोपऱ्यानं नाही. कोपऱ्यानं ओरखडा पडतो. ओंजळभर गरम पाणी मारायचं. गरम! गार मारलं तर बीड तडकतं. चिकटलेलं सुटतं, ते बाहेर ओढायचं. तरी राहिलं तर जाडं मीठ आणि अर्धा कापलेला बटाटा. साबण नाही.”

“‘साबण नाही’ लिहिलं तर ते म्हणतील घाणेरडं.”

“चिमूटभर साबणानं काही मरत नाही तो. पण साबणात भिजत घातला की मेला. असं लिहा. मग परत आचेवर, थेंब न् थेंब उडेपर्यंत. मग फडक्यानं तेल.”

“किती तेल?”

“लावायचं आणि पुसून काढायचं. सगळं काढलं असं वाटेपर्यंत पुसायचं. जे राहतं तेवढंच त्याला लागतं. जास्त झालं की चिकट होतो, तळव्याला गूळ लागल्यासारखा. मग धूर येईपर्यंत तापवायचा आणि धूर थांबेपर्यंत तिथंच उभं राहायचं.”

“उभं का राहायचं?”

आक्कानं वन्संकडे पाहिलं. “का म्हणजे? तो तापत असताना घरी जायचं?”

दोन ओळी केव्हाच संपल्या होत्या. वन्संचं अक्षर समासात चढलं, वरून खाली उतरलं, कागदाच्या मागे गेलं. पाठीमागे छापलं होतं : या बाजूस लिहू नये. वन्सं त्यावरूनच लिहीत गेल्या.

“आणि लिहा,” आक्का म्हणाली, “तो काळा रंग म्हणजे घाण नाही. ते तेलच आहे. रोज एक पापुद्रा. त्याच्यावर पांढरा रुमाल फिरवून, रुमाल काळा झाला म्हणून सगळ्यांना दाखवत हिंडणारा माणूस...”

“शिवी नाही, वहिनी.”

“...माणूस. बस. नुसतं ‘माणूस’ लिहा.”

प्रश्न ३. उपकरण खराब झाल्याचे प्रथम केव्हा लक्षात आले?

शनिवारी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

गुरुवार-शुक्रवार ती नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी रजेवर होती. त्याच शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छतेची तपासणी होती, आणि तिच्या माघारी कँटीननं दोन दिवस उकडलेली अंडी वाढली होती. शनिवारी ती आली तर भट्टीवर चादर. मॅनेजर सकाळी सहाला कधी उगवत नसे. तो चादरीशेजारी उभा.

“आक्का, डोळे मिटा,” तो म्हणाला.

“कशाला?”

“अहो मिटा तर!”

तिनं मिटले नाहीत. त्यानं चादर ओढली. तव्यात ट्यूबलाइट दिसत होती. पंखा दिसत होता. ती वाकली तेव्हा तिला स्वतःच्या नाकाच्या भोकांपर्यंत सगळा चेहरा दिसला.

“त्या काळ्याखाली एवढा सुंदर तवा होता आणि आपल्याला माहीतच नाही! तपासणीवाल्यांनी ‘उत्कृष्ट’ शेरा दिला. साबणानं धुऊनही घेतला वर.”

धुतलेलं पाणी कडेच्या खाचेत रात्रभर साचून राहिलं होतं. तिथं गंजाची नारिंगी रेघ धरली होती. तिनं फडक्यानं पुसली. पुन्हा पुसली. तेल घातलं, तेल काचेवर पडल्यासारखं थेंब थेंब होऊन पळालं. बाहेर खिडकीशी पहिल्या पाळीची रांग लागली होती. तिनं अंडं फोडलं.

ते बसलं. असं बसलं की खाली मुळं फुटली असावीत. उलथनं घातलं तर अर्धं अंडं वर, अर्धं तव्याला. दुसरं तसंच. दहावं तसंच. तव्यावर जळक्या अंड्यांचा गिलावा झाला आणि बाहेर ताटं वाजायला लागली.

“आक्का, आज भिंत रंगवताय का?” कुणीतरी ओरडलं आणि रांग हसली.

हे हसणं तिच्या जिव्हारी लागलं. तिनं भट्टी बंद केली, उलथनं आपटलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, “आज न्याहारी नाही. ज्याला राग आलाय त्यानं तिकडं केबिनीत जावं. तिथं ‘उत्कृष्ट’ मिळतंय.”

आणि लोक गेले की! तीनशे माणसं रिकामी ताटं घेऊन केबिनीपुढे उभी राहिली. वरच्या मजल्यावरून विचारणा आली. अकरा वाजता आक्काच्या हातात कागद : योग्य निगा न राखल्यामुळे तवा गंजला व न्याहारी खोळंबली, सबब खुलासा करावा.

प्रश्न ४. यास जबाबदार कोण?

इथं वन्संनी पेन खाली ठेवलं. “घासला कुणी, ते माहीत आहे ना तुला?”

माहीत होतं. तो स्वतःच आला होता, शनिवारी दुपारी, कँटीनच्या मागच्या दारानं. वर्कशॉपमधला जुना फिटर. त्याला सगळे मायक्रॉन म्हणायचे, कारण तो चहात साखरसुद्धा मायक्रॉनमध्ये मागायचा. अठरा वर्षं त्यानं रोज सकाळी आक्काच्या हातची दोन अंडी खाल्ली होती.

“आक्का, गंज धरला म्हणे. तासाभरात काढून देतो. बारीक पेपर आणलाय.”

“तू केलंस हे?”

“हो.” त्याच्या चेहऱ्यावर अजून थोडा अभिमान शिल्लक होता. “आधी ग्राइंडर, मग चकाकीला बफचं कापडी चाक. शेवटचा हात मी स्वतः मारला, कुणाला दिलं नाही. दोन दिवस लागले. साहेब म्हणाले, आक्कांना सरप्राइज देऊ, खूश होतील.”

“तव्याला हात लावलास ना आता, तर बोटं मोडीन.”

“पण झालं काय? एवढा आरशासारखा...”

“पत्र्याला रंग देण्याआधी काय करता तुम्ही?”

“पॉलिश पेपर मारतो.”

“कशाला?”

“खरखरीत व्हायला. गुळगुळीत पत्र्यावर रंग धर...”

तो तिथंच थांबला. हातातल्या बारीक पेपरकडे त्यानं पाहिलं. आयुष्यभर लोखंडात हात घातलेला माणूस. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तेलालाही पाय रोवायला जागा लागते. त्यानं ती जागा दोन दिवस खपून, मन लावून, पुसून टाकली होती.

आक्काला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. “एकदा विचारायचं तरी,” ती म्हणाली. “माझ्या घरी येऊन विचारायचं. रस्ता माहीत होता ना?”

“चुकलं, आक्का.” तो खाली बघत म्हणाला. “सोमवारी मी येतो केबिनीत. सांगतो, मी केलं आणि साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. माझं मी सांगतो.”

“म्हणून त्याचं नाव नको,” आक्का वन्संना म्हणाली. “तो सांगणार आहे.”

“सांगेल?”

“सांगेल म्हणालाय.”

वन्संनी लिहिलं आणि वाचून दाखवलं : “सदर तवा व्यवस्थापकांच्या तोंडी आदेशावरून घासून काढण्यात आला.”

“‘आला’ काय? तो आपल्या पायानं चालत आला?”

“ऑफिसात असंच लिहितात, वहिनी.”

“म्हणूनच ऑफिसात कुणीच कधी काही केलेलं नसतं.”

आतून नवरा हसला. “तू हसू नकोस,” आक्का ओरडली, “टाके सुटतील.” त्याच्या डोळ्याला टाके घातलेलेच नव्हते, पण ओरडायला कुणीतरी हवं होतं.

प्रश्न ५. चूक मान्य आहे का? (हो / नाही)

“वहिनी, एकदा विचार कर,” वन्सं हळू म्हणाल्या. “‘हो’वर खूण केलीस तर तवा तुझ्याकडे राहतो. दोन-तीन महिने रोज तेल पाजशील, पुन्हा काळा होईल. मोरीवर गेलीस तर त्याचं कोण करणार?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच आक्काला त्याचा सगळ्यांत जास्त राग आला. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. तिला तो तवा हवा होता. कागदावर एक खूण, आणि उद्या सकाळी सहाला ती भट्टीपुढे असती. आधी जाडा पेपर मारून खरखरीत, मग तेल, मग धूर.

“नाही,” ती म्हणाली. “‘नाही’वर करा.”

“नक्की?”

“मी ‘हो’ म्हटलं तर उद्या दुसऱ्या कँटीनमध्ये दुसऱ्या बाईचा तवा हा चकाचक करून घेईल, आणि माझा कागद दाखवेल.”

सोमवारी दहा वाजता केबिनीत मॅनेजर खुर्चीत, ‘उत्कृष्ट’ भिंतीवर, मायक्रॉन दाराशी, आक्का मध्ये. मॅनेजरनं पहिल्या पानावर नजर फिरवली. मागची बाजू उलटून पाहिलीसुद्धा नाही.

“तोंडी आदेश?” तो म्हणाला. “काय हो फिटर, मी तुम्हाला तवा घासायला सांगितलं होतं?”

मायक्रॉननं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. हे केबिनीतल्या तिघांनाही माहीत होतं.

“नीट आठवा.”

“आठवत नाही, साहेब,” मायक्रॉन म्हणाला.

आक्का वळून त्याच्याकडे बघत राहिली. मिलिमीटरचा हजारावा भाग हाताच्या बोटाला कळणारा माणूस. त्याला गुरुवार आठवत नव्हता. ग्राइंडर फिरवला तेव्हा तिचा तवा गेला होता. आता काय गेलं, त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं. तिचे हात शिवशिवले.

“बघा आक्का,” मॅनेजर गोड आवाजात म्हणाला, “अजून सही व्हायचीय. ‘नाही’ खोडा, ‘हो’ करा, विषय संपवू. हे घ्या पेन.”

“पेन आहे माझ्याकडे,” आक्का म्हणाली.

सही :

तिनं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं घेतलेलं, नवऱ्याचं घेतलेलं, सगळं. ‘नाही’च्या बरोबर खाली.

मंगळवारी भट्टीवर चार नवे, हलके, न चिकटणारे तवे आले. बिडाचा तवा दोन माणसांनी मागच्या दाराबाहेर नेऊन भिंतीला टेकवला. मोरी दारासमोरच होती. नळ सोडला की शिंतोडे दाराबाहेर उडायचे. आक्कानं नळ बारीक ठेवला. तेवढ्यानं काय होणार होतं! दुपारपर्यंत तव्याची खालची कड पुन्हा नारिंगी झाली.

बुधवारी सकाळी पहिल्या पाळीची ताटं खिडकीतून सरकत येत होती. एक ताट खिडकीतून आलं नाही. ते धरून कुणीतरी मागच्या दारात उभं होतं.

“आक्का.”

तिनं मान वळवली नाही.

“आक्का, मी...”

तिनं हात मागे केला. थोड्या वेळानं हातावर ताट आलं. अंडं तसंच होतं, कडेला एक घास तोडलेला. तिनं ते बादलीत ओतलं. ताट आधी आतून घासलं, मग पाठीमागून, मग कडेच्या वळातून बोट फिरवून बघितलं. धुतलं, निथळलं, बाकीच्या ताटांच्या ओळीत लावलं.

मग पुढचं घेतलं.