नाभीखालची उभी रेघ

"ताई, हसवू नका हो. टाके उसवतील."

"मी कुठे हसवतेय? मी एवढंच म्हटलं, की आज गिऱ्हाईक थंड आहे. काल चाळीस, आज अठरा. दुकान बंद करायची वेळ आली."

नणंदबाईंनी जखमेतलं पाणी ओतलेला औषधाचा छोटा मापपेला खिडकीच्या उजेडात धरला, एक डोळा मिटून रेघ पाहिली आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत अठरा लिहिलं. पेला मोरीत रिकामा करून आल्या, मुठीएवढा रबरी फुगा दाबून त्यातली हवा काढली, बूच लावलं आणि फुगा पुन्हा पोटावरच्या पट्ट्याला पिनेने अडकवला. फुग्याची नळी पट्ट्याखाली शिरत होती. तिथून पुढे ती कुठे जाते ते दोघींनाही पाहायचं नव्हतं.

शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले होते. ती आरामखुर्चीत अर्धवट आडवी होती, पाठीशी तीन उशा, गुडघ्यांखाली दोन. सरळ झोपायची मनाई, ताठ उभं राहायचीही मनाई. उठायचं तर ताईंच्या दंडाला धरून, आणि मग कमरेत वाकून, जमिनीवर पडलेलं काही शोधत असल्यासारखं न्हाणीघरापर्यंत जायचं. खोकला येतोय असं वाटलं की आधी उशी पोटाशी आवळायची, मग खोकायचं.

बसस्थानकावर सगळे तिला अनाउन्सरबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल ते सांगत आली होती. प्रवाशांना तिचा आवाज पाठ होता. ती स्वतः फारशी कुणाला दिसली नव्हती, आणि तिला ते सोयीचं होतं. वजन एकशे एकोणीस किलोवर गेलं होतं. गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती. एकदा ड्यूटीवर असतानाच खुर्चीचा पाय मोडला. खोलीत चार माणसं होती, एकही हसलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

दोन वर्षांपूर्वी तिने जठर लहान करायची शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर वजन उतरत गेलं, बावन्न किलो उतरलं. कातडी मात्र मागे राहिली. पोटाची घडी मांडीपर्यंत लोंबायची. उन्हाळ्यात तिच्याखाली पुरळ उठायचं, चिघळायचं. रोज सकाळी ती घडी उचलायची, पुसायची, पावडर लावायची, चड्डीत कोंबायची आणि कामावर निघायची. डॉक्टर म्हणाले, ही व्यायामाने जायची नाही. कापावी लागेल. आतले सैल स्नायू ओढून शिवू, जादा कातडी काढू, बेंबीला नवं भोक करू.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय?" असं स्थानकावरच्या कंट्रोलरने विचारलं, शेजारणीने विचारलं, सख्ख्या भावानेही विचारलं. ताईंनी एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील?" आणि पिशवी भरून आल्या. खरं तर ताई तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, म्हणजे हे नातं एव्हाना लग्नकार्यापुरतं उरायला हरकत नव्हती. पण ताईंना हरकती कळत नसत. त्या तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. "माझ्या नाकाला आणि डोळ्यांना काही होत नाही," म्हणायच्या, "नोकरीतच मेलेत ते."

त्या दिवशी अकराला त्या दोघी टॅक्सीने दवाखान्यात गेल्या. नर्सने पट्टा सोडला, पट्ट्या काढल्या आणि म्हणाली, "लांब श्वास घ्या. आता सोडा." सोडताना तिने नळी ओढली. पोटातून एखादी लांबलचक नाडी सरसरत जावी तसं वाटलं. दुखलं नाही. नंतर मात्र हातपाय गार पडले आणि ताईंनी तिच्या कपाळावर तळहात ठेवला.

डॉक्टर आले. तरुण होते, कामावर खूष होते. त्यांनी तिला आरसा दिला.

"बघा मॅडम. रेघ किती खाली घेतलीय. चड्डीच्या आत जाईल. वर्षभरात फिकी पडेल."

कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत लालसर, ओबडधोबड रेघ होती. वर पोट होतं. सपाट होतं, सुजलेलं होतं, आणि कुणा दुसरीचं वाटत होतं. मधोमध नवी बेंबी, टाक्यांनी वेढलेली, चकित झाल्यासारखी.

"आणि तुमची ती जुनी खूण होती ना, बेंबीखालची उभी? तीपण कातडीबरोबर गेली. बोनसच समजा."

"कुठली?"

"सिझेरियनची."

ती म्हणाली, "हं." आरसा परत दिला. डॉक्टरांनी पट्टा अजून पाच आठवडे ठेवायला सांगितलं, वजन उचलू नका म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

टॅक्सीत ताई बोलत होत्या. नळी गेली, आता अंघोळ नीट करता येईल, केस धुऊन देईन. ती पोटाशी उशी धरून बाहेर बघत होती. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हर "सॉरी हं" म्हणत होता. 

घरी आल्यावर ताईंनी स्टुलावर बसवून तिला स्पंजने पुसलं. पुसता पुसता तिने बेंबीखाली बोट ठेवलं. बोटाला कातडी लागत होती, कातडीला बोट लागत नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, काही महिने बधिर राहील. तिने बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. तिथे पूर्वी चार इंची उभा व्रण होता, मध्ये एका जागी गाठीसारखा. वजन वाढलं तेव्हा तो घडीत बुडाला. पुढची बारा-पंधरा वर्षं तिने तो पाहिलाच नव्हता. पण रोज पावडर लावताना बोट त्या गाठीवरून जायचं. वजन उतरल्यावर तो पुन्हा दिसू लागला, ओघळलेला, वाकडा. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करताना तिला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

"ताई."

"पाणी गरम वाटतंय का?"

"ताई, ती कुणासारखी होती?"

ताईंचा हात थांबला. कोण, असं त्यांनी विचारलं नाही. तेवीस वर्षांत हा प्रश्न घरात कुणी केला नव्हता. तेव्हा रात्रीतून रक्तस्राव सुरू झाला, घाईघाईने पोट उघडलं, ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आली तोवर सगळं उरकलं होतं. सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, तिच्यासमोर विषय काढायचा नाही. नवऱ्याने मरेपर्यंत काढला नाही. तिनेही विचारलं नाही. पुढे विचारायची सवयच राहिली नाही.

ताईंनी स्पंज बादलीत टाकला, टॉवेल तिच्या खांद्यावर घातला आणि समोर पाटावर बसल्या.

"कान तुझे होते," त्या म्हणाल्या. "मोठे. आमच्या घरात असे कान कुणाचे नाहीत. केस भरपूर. रंग... आता तान्ह्या पोराचा रंग काय सांगायचा, लालच असतो."

"रडली?"

"थोडीशी. आवाज बारीक होता. मग जांभई दिली. मी म्हटलं, बघा, आल्या आल्या कंटाळली."

ताई हसल्या नाहीत. तीही हसली नाही.

"तुम्ही घेतलं होतं?"

"मीच घेतलं होतं. अकरा तास होती ती. काचेच्या पेटीत ठेवली होती आधी. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता मांडीवर घेतलं तरी चालेल. त्याचा अर्थ मला कळला. मी इस्पितळातलीच ना." ताईंनी पदराने हात पुसले, ते एव्हाना कोरडेच होते. "माझं हे बोट धरलं होतं. दुपारपर्यंत धरलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू विचारशील म्हणून थांबले. पहिल्या वर्षी वाटलं, आता विचारेल. दुसऱ्या वर्षी वाटलं. मग तू जाड व्हायला लागलीस. मला वाटलं, खातेय तर खाऊ दे, जगतेय ना."

नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं. ताईंनी उठून नळ घट्ट केला.

"कुठे नेली तेही विचारायचंय का?"

"नको," ती म्हणाली. मग टॉवेल खांद्यावर ओढून, "आज नको."

"बरं. उभी राहा, हात वर कर. पट्टा बांधू दे."

तिने हात वर केले. ताईंनी पट्टा गुंडाळला, "पोट आत घे" म्हणाल्या, आणि मग स्वतःच पुटपुटल्या, "आत घ्यायला आता आहे कुठे." पट्टा बांधून झाला तरी दोघी तशाच उभ्या होत्या, एक वाकलेली, एक तिला धरून.

ताई आणखी तीन आठवडे राहिल्या. अधूनमधून, भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, ती एखादा प्रश्न विचारायची. दुपट्याचा रंग कुठला होता. नवऱ्याने तिला घेतलं होतं का. ताई जेवढं विचारलं तेवढंच सांगायच्या. दुपटं इस्पितळाचं होतं, पांढरं. त्याने घेतलं नाही. दाराशी उभा होता, सगळा वेळ उभाच होता. शेवटच्या आठवड्यात तिने कुठे नेली तेही विचारलं. ताईंनी तेही सांगितलं.

सातव्या आठवड्यात ती कामावर हजर व्हायला गेली. आता ताठ चालता येत होतं. नवा कुर्ता अंगाला बसला होता. वाटेत दोन कंडक्टरांनी तिला ओळखलंच नाही. कंट्रोलर म्हणाला, "बाई, अर्ध्या झालात की हो!" ती म्हणाली, "अर्धीच होते आधी."

आस्थापना विभागातल्या कारकुनाने तिच्यापुढे आरोग्याचा फॉर्म सरकवला. वैद्यकीय रजेवरून आलेल्या प्रत्येकाला तो भरावा लागे. तिने चष्मा लावला. नाव, पद, रक्तगट. यापूर्वीच्या शस्त्रक्रिया: तिने तीन ओळींत तीन लिहिल्या, सालासकट. त्याखाली दोन चौकटी होत्या. अपत्ये, जन्मलेली. अपत्ये, हयात. आजवर अशा प्रत्येक फॉर्मवर तिने दोन्हीत शून्य लिहिलं होतं.  या वेळी तिने पहिल्या चौकटीत एक लिहिलं, दुसरीत शून्य.

कारकुनाने फॉर्म घेतला, वरून खाली बोट फिरवलं, जुनी फाइल उघडली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"बाई, इथे घाईत एक पडलंय." त्याने ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यापुढे ठेवली. "खोडून द्या."

"घाईत नाही पडलेलं," ती म्हणाली. "फाइलमधलं चुकलंय. ते बदलून घ्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग फाइलकडे.

तिने बाटलीचं झाकण लावलं, घट्ट आहे ना ते पाहिलं आणि बाटली त्याच्या बाजूला सरकवली.