आतली कडी

मित्रांनो, दारं आपटणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. दार नीट बंद ठेवणारं कोणी पाहिलंय का? ते काम माझं. मी एक जुनी लोखंडी कडी आहे. लांबीला जेमतेम वीतभर, पण सरकायचे ते ठसक्यात. माझा रंग कधीच उडालाय, सांध्यात वाळलेली माती अडकून बसली आहे आणि जीभ तेवढी तिखट राहिली आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर आत्ताच उठा.

हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्यांच्या शेजारी धूळ खात पडले होते. एक दिवस एक बाई आली आणि म्हणाली, "सगळ्यात घट्ट बसणारी द्या."

"चोरांची भीती आहे का, ताई?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो, घरच्यांची."

दोघंही हसले. तेव्हा मलाही तो विनोदच वाटला होता.

ती बाई कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. मेण वितळवायचं, साचे भरायचे, एकेक दात ओळीत बसवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हसण्याची सोय करायची आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं. पण तिच्या मनात एक म्हातारी घर करून होती. तोंडात एकही दात नसलेली आणि तरी खदखदा हसणारी म्हातारी. ती मातीत घडवायची आणि शहरातल्या चित्रशाळेच्या प्रदर्शनात ठेवायची, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने अडगळीची खोली रिकामी केली आणि स्वतःच्या हाताने मला दाराच्या आतल्या बाजूला बसवलं. रोज कामावरून आल्यावर एक तास तिचा. मला सरकवताना ती म्हणायची, "बघ हं, तुझ्यावर भरवसा आहे." माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू!

पण घरची माणसं म्हणजे महा चिवट! सासूबाई बांगडीने दार वाजवायच्या. मुलगा पायाने. नवरा मात्र बोटाने हळूच टकटक करायचा आणि साखर पेरल्यासारखं बोलायचा. "अगं, एकच मिनिट उघड ना. माझे निळे मोजे कुठे आहेत?"

"कपाटात, खालच्या खणात."

"तिथे नाहीत गं."

मग ती मातीने भरलेल्या हाताने मला सरकवायची. मोजे खालच्याच खणात असायचे. ती परत येईपर्यंत हाताखालची माती घट्ट झालेली असायची आणि डोक्यातली म्हातारी निघून गेलेली असायची. मला असा संताप यायचा! मी घट्ट होते हो. बाहेरून बैलाने ढुशी दिली असती तरी हलले नसते. पण मला उघडायचा तो तिचाच हात. घरात कोणी बोट कापून घेतलेलं नसायचं, कोणी उपाशी नसायचं, तरी ती उघडायची. वाईट दिसतं म्हणून उघडायची.

तरीही म्हातारी होत गेली. कपाळ झालं, गाल झाले, सुरकुत्या पडल्या. तोंड तेवढं राहिलं. चित्रशाळेचे सर स्वतः येऊन पाहून गेले. "तोंड झालं की घेऊन या. तुमच्यासाठी मधली जागा राखून ठेवतो," असं म्हणाले. बाईने आठवडाभराची रजा टाकली आणि घरात बजावलं, "आता घर पेटलं तरच हाक मारा."

आणि काय सांगू, तिने खरंच दार उघडलं नाही. बांगडी वाजली, टकटक झाली, लाथ बसली. ती आत ओठ घडवत राहिली. माझ्या आयुष्यातले ते दोनच दिवस सोन्याचे.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून बोलावणं आलं. कोणा बड्या गिऱ्हाइकाची कवळी अडली होती. दोन दिवसांचं काम होतं, रात्रीही तिथेच राहावं लागणार होतं. निघताना तिने म्हातारीवर ओलं फडकं घातलं आणि नवऱ्याला म्हणाली, "यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. दुसरं काही करू नका."

"तू काही काळजी करू नकोस," तो म्हणाला.

ती गेली आणि तो पेचकस घेऊन आला. शीळ घालत त्याने माझा एकेक स्क्रू काढला. मागे सासूबाई उभ्या होत्या. "आत चक्कर येऊन पडली तर आपल्याला कळायचं तरी कसं? आणि आपण काय परके आहोत का, की आपल्याला कडी लावावी?" असं म्हणत त्यांनी ते ओलं फडकं उचललं आणि खिडकी पुसायला घेतलं. नवऱ्याने मला बिनझाकणाच्या डब्यात टाकून डबा तिथल्याच फळीवर ठेवला. खोलीतला पंखा बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवस मी फळीवरून पाहत होते. आधी कानाजवळ बारीक रेघ उमटली. मग ती गालावरून खाली आली. शेवटी हनुवटीसकट अर्धं तोंड जमिनीवर पडलं.

बाई आली, बघतच राहिली. नवरा म्हणाला, "अगं, मातीच ती. दुसरी कर!" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. रात्री त्याने तिच्यासाठी आइस्क्रीमही आणलं.

तिने दुसरी केली नाही. "करीन सवडीने," म्हणाली. मग मुलाच्या परीक्षा आल्या, सासूबाईंचे गुडघे आले, मग मुलाचा संसार आला. फुटकी म्हातारी त्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवली होती. एक दिवस तीही कचऱ्यात गेली.

मी डब्यात गंजत पडले. बाहेर बाई म्हातारी झाली आणि एकेक गोष्ट विसरत गेली. पहाटे उठून ती बंद पडलेल्या कारखान्याकडे चालू लागायची. मग एक दिवस तिच्या मुलाने, आता त्याला टक्कल पडलंय, डब्यात हात घातला. "बाबा, ही बघा कडी! घरात असताना विकत कशाला आणायची?"

त्याच दाराला त्यांनी मला बसवलं. या वेळी बाहेरून.

मला ओढून पाहत मुलगा म्हणाला, "काय घट्ट आहे! असं लोखंड आता मिळत नाही." इतक्या वर्षांनी माझं कौतुक झालं ते असं.

आता तिला हवा तेवढा वेळ आहे. माती मात्र नाही, पसारा होतो म्हणून काढून घेतली. जेवणाचा घास भिंतीला लावून ती त्याला नाक-डोळे काढते आणि सून भिंत पुसत चिडते. गिळेल म्हणून तिची कवळीही वाटीत काढून ठेवली आहे. अंघोळीसाठी तिला बाहेर आणतात तेव्हा मी तिचं तोंड बघते. तिला घडवायचं होतं अगदी तसंच झालंय. फक्त ते हसत नाही.

मित्रांनो, मला तेल नको आणि रंगही नको. तुमच्या घरात कोणी आतून कडी लावून बसलं असेल, तर आपले मोजे आपण शोधा. आणि आत तुम्ही असाल तर उघडू नका. रुसतील, रागावतील, जेवतील आणि झोपतील. तुम्ही उघडू नका.

ऐका, ती ठोठावते आहे. अगदी हळू, बोटाने. "एकच मिनिट उघडा ना."

तिचा नवरा खुर्चीतून हलत नाही. त्याचा आवाज अजून तसाच गोड आहे.

"एकच मिनिट हं," तो म्हणतो आणि टीव्ही मोठा करतो.