खालचा नट

"मावशी, काय वाजतंय गं?" आरामखुर्चीतून बाईसाहेबांनी विचारलं. त्यांची नजर मंदावली होती, पण कान तिखट होते.

मावशीच्या हातात जोडीतली एक निळी फुलदाणी होती. सगळं घर तिला मावशी म्हणायचं. सख्खी ती माझी. मी खिडकीशी पडद्यांना अस्तर शिवत होते.

ती जोडी फ्रान्समधून आलेली, फार जुनी. अंग चिनी मातीचं; पण बैठक, गळ्यातल्या पानांच्या माळा आणि कानांच्या जागी बसवलेली मेंढ्यांची डोकी सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूची. तळाशी एक नट, त्यानेच सगळं धरून ठेवलेलं. उचलताना कान धरायचे नाहीत, पोटाखाली हात घालायचा, हे मावशीनेच मला शिकवलं होतं. लग्न होऊन या घराच्या मागच्या खोलीत राहायला आल्यापासून त्या पुसायचं काम तिचंच होतं.

"खालचा नट ढिला झालाय, बाईसाहेब."

तिने फुलदाणी ठेवली तसा आवाज थांबला. थरथरत राहिला तो तिचा उजवा हात. तिने तो पदराखाली लपवला.

स्वयंपाकघरात गाठून मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव ना."

"डॉक्टर हात बघेल, मागची खोली कोण बघेल? काम गेलं की खोलीही गेली. मग कुठे राहू, तुझ्या सासूच्या उशाशी?" ती हसली, पण ओठ कोरडे पडले होते. "कुठे बोलू नकोस, बाई."

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी मिस्त्रीला बोलावलं. त्याने फुलदाणी उशीवर आडवी केली, पाना लावला. मावशी टेबलाची कड धरून उभी. माझी सुई बोटात घुसली तरी मला कळलं नाही.

"नट घट्ट आहे," मिस्त्री म्हणाला. "ढिलं दुसरंच काहीतरी असेल."

मावशीने डोळे मिटले.

बाईसाहेबांनी मावशीच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाल्या, "आवळा थोडा."

"अहो, जास्त आवळला तर तडकेल!"

"मग आवळल्यासारखं करा. मावशी म्हणतेय ढिला आहे, म्हणजे आहे." थांबून म्हणाल्या, "आणि आलाच आहात तर जोडी त्या काचेच्या कपाटात ठेवा. किल्ली माझ्याकडे द्या."

खोली राहिली. मावशी रोज कपाटाची काच पुसायला लागली. काचेवर फडकं वाजत नसे.

"आता नाही ना वाजत, मावशी?"

"नाही, बाईसाहेब."

उजवा हात काचेवर थरथरत फिरायचा. डावा मात्र खाली, हवेतच, फुलदाणीच्या पोटाखाली धरावा तसा वाकलेला असायचा.