तारखेची मागणी

नगरपालिकेवर निवडून आल्या तरी लोकांच्या तोंडी त्या शिंपीणबाईच राहिल्या. आज सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा उतू गेला, सुईत दोरा जाईना. कोळशाच्या वीजकेंद्राशी करार वाढवायचा, की उन्हावाऱ्याची वीज घ्यायची, याचं मतदान दुपारी होतं; करार वाढला नाही तर केंद्र बंद होणार होतं. धाकटा दीर त्याच केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला. निवडणुकीत घसा बसेपर्यंत त्यानंच त्यांचा प्रचार केला होता.

"वहिनी, हात कशासाठी वर करणार?" बूट चढवता चढवता त्यानं विचारलं.

"भाऊजी, तुमचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू येतो मला."

"खोकला माझा आहे. पगारही माझाच आहे," म्हणत तो तरातरा निघून गेला.

सभेत बाईंनी अट घातली: केंद्र बंद करण्याआधी तिथल्या प्रत्येकाला शिकवून नवं काम द्यायचं. बरीच हमरीतुमरी झाली. अट ठरावात आली तेव्हाच त्यांनी हात वर केला. उन्हावाऱ्याच्या विजेचा ठराव जेमतेम पास झाला. टाळ्या वाजल्या, पण बाई तडक घरी निघाल्या.

अर्ध्या पाळीतून निघून आलेला दीर घरी वाटच बघत होता.

"भाऊजी, कुणाचं काम जाणार नाही, तशी अट घातलीय."

"मला कशाला सांगता? मी घरचा, गिळीन मुकाट्यानं. पट्ट्यावरच्यांना सांगा!"

"अहो, घोटभर पाणी तरी पिऊ द्या त्यांना," जाऊ म्हणाली. पण बाई तशाच मागे फिरल्या.

केंद्राच्या गेटवर पाळी सुटत होती. काळवंडलेल्या चेहऱ्यांनी त्यांना गराडा घातला.

"नवं काम कधी? तारीख सांगा!"

काहीतरी ठोकून देणं सोपं होतं.

"तारीख नाही," त्या म्हणाल्या. "ती घालून घ्यायचं मला सुचलंच नाही."

एकच गिल्ला झाला. मागोमाग येऊन इतका वेळ बाजूला उभा असलेला दीर पुढे झाला.

"ओरडून तारीख मिळायची नाही. पुढच्या सभेला सगळे चला!" मग बाईंकडे न बघताच त्यानं विचारलं, "आत बसू देतील ना आम्हाला?"

"कोण अडवतं ते बघतेच," बाई म्हणाल्या.

पुढच्या सभेत बाकांवर जागा उरली नाही, तरी विषय पुढे ढकलला गेला. त्याच्या पुढच्या सभेलाही सगळे आले, आणि तारीख ठरावात लिहून घेऊनच उठले. दीर अजून घरात मोजकंच बोलायचा. पण तारीख पाळली जाते का ते बघायला तो दर सभेला यायचा, आणि त्या दिवशी दाराबाहेर अस्वस्थ येरझाऱ्या घालत हाक मारायचा, "वहिनी, आटपा की!"