बटणांची रिकामी बरणी

बरणी फ्रिजवर ठेवली ती बाबांनी. कॉफी संपून रिकामी झालेली, रुंद तोंडाची काचेची बरणी. शेजारी वाटीत आत्याच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. बाबांची काळी, आईची पांढरी, टकळीची लाल, आत्याची निळी.

"नियम सोपा आहे," बाबा म्हणाले. "घरात जो मराठीत बोलेल, त्यानं आपलं एक बटण बरणीत टाकायचं. शनिवारी ज्याची बटणं जास्त, त्यानं आठवडाभर भांडी घासायची."

"आणि मी रे?" आत्यानं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं. "मला तुमच्या त्या शाळेची भाषा येत नाही. मी काय तोंडाला कुलूप लावून बसू?"

"ताई, शिकशील की तू."

"शिकते हो. तोवर वाटीतली सगळी निळी बटणं आत्ताच बरणीत ओत आणि भांडी माझ्याकडे दे. निदान बोलायला तरी मोकळी राहीन."

सगळे हसले. टकळी सगळ्यात जास्त हसली, आणि हसता हसता मराठीत काहीतरी बोलून पहिलं लाल बटण तिनंच टाकलं.

टकळी हे तिचं घरातलं नाव. नऊ वर्षांची पोर. झोपेतसुद्धा तिची जीभ थांबत नसे. पण शाळेत? शाळेत ती दगड होऊन बसे. शाळा होती ऑफिसांच्या भागातच, एका काचेच्या इमारतीच्या खालच्या मजल्यांवर. मैदान गच्चीत, चारी बाजूंनी उंच जाळी लावलेली. तिथून दोन इमारती पलीकडे बाबांचं विम्याचं ऑफिस दिसे. बाबांची बदली झाली म्हणून हे सगळे या परभाषेच्या शहरात आले, आणि आल्यापासून पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. गणितं चोख, अक्षर सुरेख, पण आवाज नाही. वर्गाच्या बाईंनी आईबाबांना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाला मुख्याध्यापिकांसमोर स्वतःचा एखादा प्रसंग सांगावा लागतो. नाही जमलं तर तिला याच वर्गात ठेवावं लागेल. घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला."

बाबा विम्याचे दावे तपासत. वरून आलेली सूचना त्यांना देववाणीसारखी. त्यांनी घरी येऊन बरणी मांडली.

त्याआधीची संध्याकाळ कशी असायची, ते ऐकण्यासारखं आहे. टकळी घरात शिरायची तीच बोलत. एक बूट दारात, दुसरा सोफ्याखाली. आत्या हातातली सुई कापडात खोचून ठेवायची, गुडघ्यावर हात टेकायची आणि म्हणायची, "मग?" त्या एका शब्दावर पोरीची गाडी सुटायची. बाई कशा चालतात, शिपाई कसा शिंकतो, डब्याच्या सुट्टीत कोण कुणावर रुसलं, सगळं साभिनय. आत्यानं जन्मभर कीर्तनं ऐकलेली. ऐकायचं कसं ते तिला पक्कं ठाऊक. "अगं, बुवा किती का मोठे असेनात," ती वहिनीला सांगायची, "पुढच्या ओळीतली माणसं पेंगायला लागली की बुवांचाही सूर पडतो. वाचा देवानं दिली. कान द्यायचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय."

बरणी आली आणि सुरुवातीला बटणं खणखण वाजली. चिडवाचिडवी झाली, भांड्यांवरून भांडणं झाली. मग आवाज कमी होत गेला.

"बघा!" एका शनिवारी बाबांनी बरणी दिव्यासमोर धरली. "तळ दिसतोय. जमलं की नाही?"

आईनं बरणीकडे पाहिलं नाही. ती दाराकडे पाहत होती. टकळीचे दोन्ही बूट भिंतीला लागून, टाचेला टाच लावून ठेवले होते. पोर कधी आली, कधी खोलीत गेली, कुणाला कळलंही नव्हतं. टेबलाशी आत्या बोटानं मीठ मागत होती. अख्ख्या घरात चमचे तेवढे बोलत होते.

"अरे, ती रिकामी आहे," आई म्हणाली, "कारण आपल्यात कुणी बोलतच नाहीये."

"थोडे दिवस त्रास होणारच. बाईंनी सांगितलंय—"

"बाईंनी वर्गातली टकळी पाहिलीय. घरातली कुठं पाहिलीय त्यांनी? वर्गात मुकी होती, आता घरातही झाली. ही कसली प्रगती?"

"आणि गुरुवारी तोंडी परीक्षा आहे, त्याचं काय?"

"ती देईल. मी देववीन तिच्याकडून."

आई सकाळच्या वेळी एका दातांच्या दवाखान्यात रोग्यांना भेटीच्या वेळा देण्याचं काम करायची. तिचीही भाषा तोडकीमोडकीच, क्रियापदं हमखास चुकायची. पण दाढ ठणकत असलेला माणूस व्याकरण बघत नाही. आपलं कुणी ऐकतंय का, एवढंच बघतो, हे तिनं रोज अनुभवलं होतं. ती उठली, बरणी उचलली आणि बटणं आत्याच्या डब्यात ओतली.

"वहिनी, आज माझ्या डब्याचं नशीब उघडलं!" आत्या म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज पूर्ण लागला होता.

सोमवारी आई शाळेत गेली. "आम्ही घरी आमचीच भाषा बोलणार," तिनं तिच्या चुकत्या क्रियापदांनी बाईंना सांगितलं. "आणि मुलगी तुमच्याही भाषेत बोलेल."

बाईंनी खांदे उडवले. "गुरुवारी बघू."

त्या संध्याकाळपासून घरात नवा क्रम सुरू झाला. आधी आत्यापुढं मराठीत, मनसोक्त. मग तोच प्रसंग बाबांपुढं शाळेच्या भाषेत. बाबांना फक्त "मग?" म्हणायची परवानगी. चूक काढायची नाही. पहिल्याच वाक्याला बाबा म्हणाले, "इथं भूतकाळ—" तोच आत्यानं बोटातलं शिवणाचं अंगुस्तान त्यांच्या टाळूवर टक्कन वाजवलं.

"ताई!"

"श्रोत्यानं मध्ये बोलायचं नाही. पोरी, चालू दे तुझं."

प्रसंगही तिनंच निवडला. मागे एकदा ती आणि आत्या लिफ्टनं वर येत होत्या. एक हमाल उभी गादी घेऊन आत शिरला. गादी एवढी रुंद की लिफ्टचे सरळ दोन भाग झाले. अलीकडे या दोघी, पलीकडे तो. दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्ट अडकली. आत्यानं गादीपलीकडच्या त्या न दिसणाऱ्या माणसाला मराठीतच धीर द्यायला सुरुवात केली. देव आहे, घाबरू नका, पाणी हवं का? उत्तर नाही. मग दिवा गेला. आणि अंधारात गादीमागून एक भयंकर आवाज आला. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. नीट कान दिल्यावर कळलं, तो बापडा गादीला टेकून उभ्या उभ्या घोरत होता.

बाबांनी हा प्रसंग रोज ऐकला. रोज जीभ चावली, आणि रोज शेवटी हसले.

गुरुवारी आई परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसली. खोली काचेची, दिसत होतं सगळं, ऐकू काही येत नव्हतं. मुख्याध्यापिका पेन हातात घेऊन बसल्या होत्या. शेजारी वर्गाच्या बाई. समोर टकळी, दोन्ही हात मांड्यांखाली. ओठ मिटलेले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मुख्याध्यापिकांनी कागदावर काहीतरी खरडलं. दार ढकलून आत जावं, गादीचं पहिलं वाक्य तेवढं सुचवावं, असं आईला फार वाटलं. ती जागची हलली नाही. मनात म्हणाली, "देवा, तू आत जा. मला मनाई आहे."

मग टकळी पुढं झुकली आणि मुख्याध्यापिकांना काहीतरी म्हणाली. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे ओठ हलले, एकाच शब्दापुरते.

मांडीखालचा एक हात सुटला आणि उंच गेला. गादीची उंची! मग दुसराही सुटला. काचेबाहेरून आईला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण हातांवरून ती बरोबर चालली होती. आता लिफ्ट अडकली. आता आत्या धीर देतेय. आता दिवा गेला. मुख्याध्यापिका दोन्ही कोपर टेबलावर टेकून बसल्या होत्या, आणि वर्गाच्या बाई घड्याळ विसरल्या होत्या.

तेवढ्यात घंटा झाली. टकळी उठली, खुर्ची नीट आत सारली आणि वर्गात पळाली.

मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "वरच्या वर्गात जाईल ती," त्या म्हणाल्या. "चुका भरपूर करते. पण बोलते, अगदी डोळ्यांपुढं उभं करते. सुरुवातीला मलाच म्हणाली, पेन ठेवा आणि 'मग?' असं विचारा. तेवढं विचारलं आणि पुढं मला थांबवताच येईना." त्या जरा घुटमळल्या. "पण ते गादीमागून काय आलं हो? घंटा झाली तर म्हणाली, बाकीचं उद्या सुट्टीत सांगते."

आईला हसू आवरेना. "तिलाच विचारा."

बाहेर जिन्यात येऊन तिनं बाबांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, पण पहिल्याच घंटीला उचलला.

"गेली वरच्या वर्गात!"

"भूतकाळ बरोबर आला का?"

"अरे!"

पलीकडे बहुधा टाळूवर हात गेला असावा. मग बाबा खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"बरं," ते म्हणाले. "मग?"