चिंचोक्यांतून उतरलेल्या चिमण्या

मित्रांनो, सोलापुरातल्या एका चादरींच्या कारखान्यात कोपऱ्यात पडलेलं हे सागवानी टेबल, ते मीच. सुतारानं मला चांगलं लांबरुंद केलं, कारण माझ्यावर नक्षीचे कागद पसरायचे होते.

ते कागद विरुपाक्ष मास्तरांचे. बारीक चौकटींच्या कागदावर ते नक्षी काढत. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडत आणि त्या भोकांप्रमाणे मागावर धागे उचलले जात. मास्तर शीळ घालत काम करायचे. त्यांचे मोर आणि कमळं बाजारात गेली, की माझी पाठ कशी ताठ व्हायची!

चौऱ्याहत्तर साली मात्र त्यांची एक नक्षी फसली. गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. मालक वीरभद्रप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तर, परत चुकायचं न्हाय.”

तेव्हापासून मास्तरांची शीळ बंद झाली. रेघ काढायची, लगेच खोडायची. दिवसभरात माझ्यावर रबराचा भुगा तेवढा साचायचा. जुन्या नक्ष्यांचा खप बसला आणि मालकांनी सांगून टाकलं, “संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, तोपर्यंत नवं कायतरी द्या. नाहीतर निम्मे माग बंद.”

माग बंद पडले, की आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना घरी बसावं लागणार. त्यांतली ईरम्मा जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत भाकरी खायला यायची. एकदा कोरा कागद बघून ती म्हणाली, “मास्तर, ह्यो तर खेळायचा पटच हाय की!”

“खेळ कसला ईरम्मा? तुजं काम जाईल, माजं बी जाईल.”

“जायचं तर जाईल. तवर हसून तर घेऊ.”

तिनं पदराच्या गाठीतून घासून अर्धे केलेले चिंचोके काढले आणि कागदावर फेकले. पांढरी बाजू वर येईल तिथली चौकट रंगवायची. मग आळीपाळीनं मनाला येईल ती रेघ जोडायची. नियम एकच, रबर धरायचं नाही. पहिल्या रेघेला मास्तरांचा हात सवयीनं रबराकडे गेला आणि मागे आला. तिसऱ्या कागदावर एक तीन पायांची बकरी झाली आणि मास्तर खदखदून हसले. वर्षानं हसले ते.

पाचवा कागद पुरा होतोय, तेवढ्यात मालक दारात! “कामाच्या जागी खेळ?”

ईरम्मानं घाबरून चिंचोके गोळा केले. मास्तर उभे राहिले. “व्हय मालक, खेळतोय. वर्षभर भीत भीत काम केलं, एक रेघ न्हाय आली. ह्ये बघा.”

पाचव्या कागदावर दाण्यांवर उतरणाऱ्या चिमण्यांचा थवा होता. मालक बराच वेळ वाकून बघत राहिले. “एक चादर विणा,” एवढंच म्हणाले.

चादर आली ती भलतीच. गडद चिमण्या उलट्या पडलेल्या चपलांसारख्या दिसत होत्या. मास्तरांचा चेहरा उतरला. ईरम्मानं मात्र चादर उचलून सरळ पालथी घातली. आमच्या चादरीला दुसऱ्या बाजूलाही नक्षी असते, रंग तेवढे उलटे. गडद निळ्यावर पांढऱ्या चिमण्या भुर्रकन उतरल्यासारख्या दिसल्या.

“आता कसं?” ती म्हणाली. मालकांनाही हसू आवरलं नाही.

जत्रेत त्या चादरी चांगल्या खपल्या. दोन माग थांबलेच, पण बाकीचे चालू राहिले. ईरम्माही कामावर राहिली. मास्तरांच्या शब्दावरून दर शनिवारी दुपारी तासभर, कांडीवाल्या असोत की विणकर, ज्याला यायचं तो माझ्याभोवती येऊन खेळू लागला. दहा कागद वाया जायचे, अकराव्यात काहीतरी सापडायचं.

पुढे मास्तर थकून घरी बसले. त्यांच्या जागी नवे साहेब आले. त्यांना पसारा चालत नाही. शनिवारचा तास गेला आणि माझ्यावर सुताच्या पेट्या चढल्या. त्यांच्या टेबलावर आता कामाचे कागद नीट रचलेले असतात. पण हल्ली नक्षी बघायला कोणी धावत येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणी पुसली तर मला बरंच वाटेल. त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या शेजारी कुणी वाकडी रेघ काढून गप्प बसला असेल, तर त्याच्या हाती रबर देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, “थांब, पुढची रेघ मी काढतो.”